मेडिकलमध्ये सॉफ्टवेअर बसवून देणारी डीलरची सेवा: पैसे कशाचे वसूल होतात, कशाचे नाही

मेडिकलसाठी बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं की डीलरचा माणूस येतो, प्रोग्रॅम टाकतो, औषधांची तयार यादी चढवतो, मालकाला तासभर शिकवतो आणि निघतो. प्रोग्रॅमबद्दल फारशी तक्रार नाही. बॅच, एक्स्पायरी, खुल्या गोळ्या, स्टॉकिस्टचं (घाऊक पुरवठादाराचं) बिल फाइलमधून थेट घेणं, हे आता बहुतेकांत मिळतं. दुकानं अडतात ती या बसवून देण्याच्या कामात, म्हणून इथे परीक्षण त्याचंच.

सगळ्यात जास्त घोळ तयार यादीतल्या पॅकिंगचा, म्हणजे एका पत्त्यात (स्ट्रिपमध्ये) किती गोळ्या याचा. डोलो ६५० चा पत्ता १५ गोळ्यांचा असतो. यादीत तिथे १० पडलं आणि पत्त्याची एमआरपी समजा ३० रुपये असली, तर दोन रुपयांची गोळी बिलात तीन रुपयांना लागते. चार गोळ्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे आठाऐवजी बारा रुपये जातात. ही एमआरपीच्या वरची विक्री झाली आणि जाब दुकानदाराला द्यावा लागतो, डीलरला नाही. शिवाय दहा गोळ्या विकल्या की स्क्रीनवर स्टॉक शून्य आणि ड्रॉवरमध्ये पाच गोळ्या शिल्लक. सर्वाधिक खपाची दोनशे औषधं पत्ता हातात धरून, पॅकिंग जुळवत तपासून देणारा डीलर जरा महाग पडला तरी घ्यावा.

दुसरी जागा स्टॉकिस्टच्या बिलाची. फाइल पहिल्यांदा घेताना औषधाचं त्यांच्या यादीतलं नाव आणि आपल्या यादीतलं नाव जुळवावं लागतं. घाईत टेल्मा एचसमोर टेल्मा ४० हे वेगळंच औषध निवडलं, तर पुढचं प्रत्येक बिल त्याच चुकीच्या खात्यात जमा होत राहतं आणि चूक कळते ती स्टॉक मोजताना. पहिली पाच-सहा बिलं डीलरच्या माणसाने शेजारी बसून घ्यायला हवीत. त्याच वेळी १०+१ स्कीमचा, म्हणजे दहावर एक मिळणारा फुकट पत्ता ‘फ्री’च्या रकान्यात जातो का, हेही बघावं. तो अकरावा पत्ता विकत घेतल्यासारखा चढला तर बिलाची रक्कमच जुळत नाही.

एक्स्पायरी ०३/२७ छापलेली असेल तर माल मार्चअखेरपर्यंत चालतो. काही ठिकाणी सेटिंगमध्ये १ मार्च धरला जातो आणि चांगला माल महिनाभर आधी परतीच्या यादीत येतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण सांगावं लागतं.

शेड्यूल एच१ साठी, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांसाठी, साधी परीक्षा घ्या. सेफिक्झाइम किंवा ट्रामाडॉलचं बिल डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव न घालता काढून बघा. बिल अडलं पाहिजे. १ मार्च २०१४ पासून ही नोंद सक्तीची आहे आणि रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये एच१ ची खूण औषधाच्या घटकावर लावलेली हवी. ब्रँडवर लावली तर त्याच घटकाचा उद्या आलेला नव्या कंपनीचा ब्रँड सुटतो. रुग्णाच्या रकान्यात नुसतं टिंब टाकून बिल पुढे जात असेल, तर तेही बंद करून घ्यावं. तपासणीच्या वेळी असं रजिस्टर कोऱ्यासारखंच.

२२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा दराची यादी आदल्या दिवशी पाठवणं आणि जुन्या एमआरपीच्या मालाचं बिल कसं करायचं ते फोनवर समजावणं, हीच वार्षिक करारातली खरी सेवा. करार करताना असा बदल फुकट की जादा पैसे, ते लिहून घ्या.

प्रशिक्षणात बहुतेक डीलर कमी पडतात. ते मालकाला शिकवतात, आणि संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत काउंटरवर असतो कामावरचा मुलगा. त्याला पाच गोष्टी हातानं करता आल्या पाहिजेत: खुल्या गोळ्यांचं बिल, बॅच बदलणं, माल परत घेणं, उधारी आणि चुकलेलं बिल रद्द करणं. घटकावरून औषध शोधणंही शिकवावं, पण डॉक्टरांना न विचारता दुसरा ब्रँड देता येत नाही, हे बजावून.

पैसे दोन हप्त्यांत द्यावेत. शेवटचा हप्ता महिनाअखेरीस कोणतेही पन्नास आयटम मोजून, स्क्रीनवरचा स्टॉक रॅकमधल्या मालाशी जुळल्यावरच द्यावा.