आरआयपी डॉट आयई : आयर्लंडची निधनवार्ता सेवा आणि ८१ जणांचे एक जेवण

गॉलवेत राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या आजींनी मला दोन गोष्टी शिकवल्या. कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचा ही पहिली, आणि सकाळच्या चहाबरोबर आरआयपी डॉट आयई कसे उघडायचे ही दुसरी. २००५ साली डंडॉक गावातून सुरू झालेले हे संकेतस्थळ म्हणजे साऱ्या आयर्लंडची निधनवार्ता आहे. गेलेल्या माणसाचे नाव, गाव, काउंटी (म्हणजे जिल्हा), पार्थिव कोठे आणि किती वाजेपर्यंत दर्शनासाठी ठेवले आहे, चर्चमधील प्रार्थना केव्हा, दफन कोठे, फुले आणावीत की त्याऐवजी एखाद्या संस्थेला देणगी द्यावी, हे सारे ठराविक क्रमाने एका पानावर मिळते. आमच्या साताऱ्याच्या पेपरात निधनवार्तेच्या शेवटी ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता’ अशी एक ओळ असते आणि वाचणाऱ्याची नजर आधी तीच ओळ शोधते. येथेही वाचणारा थेट वेळ आणि ठिकाणावर जातो, कारण वाचण्याचा हेतू जाणे हाच असतो.

या सेवेचे परीक्षण मी तिच्या एरवीच्या दिवसांवरून करणार नाही, २०२० च्या एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांवरून करणार आहे. त्या ऑगस्टमध्ये एका गोल्फ सोसायटीच्या, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांच्या मंडळाच्या, जेवणावरून या देशातील मंत्री, युरोपीय आयुक्त आणि सिनेटर लोकांच्या रागाने होरपळून निघाले. एवढ्याशा जेवणावरून एवढा गहजब का, असे मला भारतातून अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर मला अग्रलेखांपेक्षा या संकेतस्थळाच्या जुन्या पानांवर अधिक चांगले सापडले.

आधी येथील रीत सांगितली पाहिजे. आयरिश माणूस मयताला जातो, म्हणजे खरोखरच जातो. सहकाऱ्याची सासू, मुलाच्या शाळेतील शिक्षिकेचे वडील, तीस वर्षांपूर्वी ज्याच्याकडून ट्रॅक्टर घेतला तो माणूस, यांपैकी कोणीही गेले तरी पार्थिवाच्या दर्शनाला रांग लागते, घरच्यांचा हात हातात घेतला जातो, दोन ठराविक शब्द बोलले जातात आणि मग चहा व सँडविच होते. या रांगेत स्थानिक खासदार असतोच. मतदारसंघातील मयते चुकवायची नाहीत हा येथील राजकारणाचा पहिला धडा मानला जातो आणि त्यासाठी खासदारांच्या कार्यालयांत रोज सकाळी हेच संकेतस्थळ पाहिले जाते. तेव्हा मयताला हजर राहणे म्हणजे काय हे राजकारण्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

२०२० च्या मार्चअखेरीस कोरोनाच्या साथीमुळे सरकारने सर्वांना घरात राहण्यास सांगितले. व्यायामासाठी घरापासून २ किलोमीटर, पुढे मेमध्ये ५ किलोमीटर, एवढीच फिरण्याची मुभा होती आणि अंत्यसंस्काराला जास्तीत जास्त १० माणसे. संकेतस्थळाचा साचा तोच राहिला. त्यातील मजकूर मात्र आठवडाभरात बदलला. दर्शनाच्या वेळेची ओळ गळाली. तिच्या जागी, सरकारी सूचनांनुसार अंत्यविधी केवळ कुटुंबीयांपुरता मर्यादित राहील आणि ज्यांना यायचे होते त्यांनी खाली शोकसंदेश लिहावा, अशा अर्थाची ओळ आली. ही ओळ त्या काळातील पानापानावर इतकी एकसारखी आहे की ती एखाद्या शिक्क्यासारखी दिसते. काही पानांवर चर्चच्या थेट प्रक्षेपणाचा दुवा असे, आणि काहींवर शववाहिका कोणत्या रस्त्याने किती वाजता जाईल हे दिलेले असे, म्हणजे लोकांना आपापल्या फाटकाशी अंतर ठेवून उभे राहता यावे. एखाद्या सेवेने आपले काम नेमके ओळखून मुकाट्याने स्वतःला बदलून घ्यावे, याचे इतके चांगले उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

एप्रिलमध्ये त्या शेजारच्या आजीच गेल्या. त्यांचे पान मी त्यांनीच शिकवल्याप्रमाणे चहाच्या वेळी उघडले. घरातील अगदी जवळची माणसे मोजली तर ती अकरा भरत होती. त्यांच्या मुलाने कागदावर नावे लिहिली, पुन्हा लिहिली, आणि शेवटी अकरावी म्हणजे आजींची थोरली नात, जिने शेवटची दोन वर्षे त्यांची औषधे सांभाळली होती, ती आपणहून म्हणाली की मी बाहेर गाडीत बसते. चर्चच्या वाहनतळावर काच वर करून, फोन डॅशबोर्डला टेकवून, वीस पावलांवर चाललेली आजीची प्रार्थना तिने फोनवर पाहिली. मीही घरी तेच प्रक्षेपण पाहत होते. या प्रक्षेपण-सुविधेला मात्र मी पैकीच्या पैकी गुण देऊ शकत नाही. कॅमेरा वेदीच्या वर उंच भिंतीत पक्का बसवलेला असल्याने माणसांच्या टाळूच तेवढ्या दिसत, आवाज विहिरीतून आल्यासारखा येई, आणि मुलगा बोलायला उभा राहिला त्याच क्षणी चित्र थांबून एक फिरते वर्तुळ आले, ते चार मिनिटे फिरत राहिले. त्या वेळी सारा देशच अशा वर्तुळांकडे पाहत होता, म्हणून त्या चर्चला दोष देण्यात अर्थ नाही. शववाहिका आमच्या गल्लीतून गेली तेव्हा दोन्ही बाजूंना माणसे दोन-दोन मीटरवर उभी होती आणि कोणीही कोणाच्या घरात शिरले नाही.

पुढच्या महिन्यात साताऱ्याला माझे मामा गेले. विमाने बंद होती. दशक्रिया मी व्हॉट्सअॅपवर पाहिली, आणि घाटावर कोणीतरी फोन आडवा धरल्यामुळे मला बराच वेळ फक्त नदीच दिसत राहिली.

आता ते जेवण. १८ ऑगस्ट २०२० रोजी रुग्णसंख्या पुन्हा वाढू लागल्याने सरकारने निर्बंध कडक केले : घरात सहा पाहुण्यांपेक्षा अधिक नकोत, तेही तीन घरांपेक्षा जास्त घरांतून आलेले नकोत. आणि १९ ऑगस्टच्या रात्री, गॉलवेहून सुमारे ८० किलोमीटरवरील क्लिफडेन गावच्या हॉटेलात, आयर्लंडच्या संसदेच्या गोल्फ सोसायटीने आपल्या पन्नाशीनिमित्त ८१ जणांचे जेवण घेतले. त्यात पदावर येऊन जेमतेम महिना झालेले कृषिमंत्री डारा कॅलरी होते, सिनेटचे उपाध्यक्ष जेरी बटिमर होते, युरोपीय संघाचे व्यापार आयुक्त फिल होगन होते आणि सर्वोच्च न्यायालयाचे नवे न्यायमूर्ती शेमस वुल्फ होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘आयरिश एक्झामिनर’ या दैनिकाने बातमी फोडली. २१ तारखेला कॅलरी यांनी राजीनामा दिला, बटिमर यांनी सिनेटचे उपाध्यक्षपद सोडले, सत्ताधारी पक्षांच्या सहा सिनेटरांवर पक्षाने कारवाई केली. होगन यांनी मात्र ताणून धरले. परदेशातून आल्यावर १४ दिवस फिरणे टाळण्याचा नियम होता, किल्डेअर काउंटीत स्थानिक निर्बंध होते, आणि त्यांच्या त्या काळातील प्रवासाचा तपशील रोज थोडाथोडा बाहेर येत गेला. अखेर २६ ऑगस्टला त्यांनीही पद सोडले. या प्रकरणाला येथे ‘गोल्फगेट’ म्हणतात.

बातमी फुटली त्या रात्री शेजारचा मुलगा, म्हणजे आजींचा मुलगा, कचऱ्याचा डबा आत घेत होता. मी कुंपणाजवळ उभी होते. त्याने शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. त्याने फक्त आकडा उच्चारला, ‘एक्याऐंशी’, आणि डब्याचे झाकण लावून आत गेला. त्या आठवड्यात रेडिओवरील फोनच्या कार्यक्रमांत, दुकानाच्या रांगेत, मी जो राग ऐकला तो बहुतांशी असाच हिशेबी होता. कोणी पक्षाचे नाव घेत नव्हते. लोक आकडे सांगत होते : आमच्या वडिलांना आम्ही नऊ जण होतो, आमच्या लग्नाची यादी आम्ही तीनदा कापली, आईला आम्ही वृद्धाश्रमाच्या खिडकीतून पाहिले. केवळ दारू विकणारे पब तर मार्चपासून बंदच होते, आणि बाकीच्या पबमध्ये बिअर हवी असेल तर किमान ९ युरोचे जेवण घ्यावे लागे. त्यामुळे ज्यांनी महिनोन्‌महिने या हास्यास्पद बारकाव्यांपर्यंत नियम पाळले होते, त्यांना नियम करणाऱ्यांच्या पंगतीचे चित्र सहन होणे शक्यच नव्हते.

येथे एक बाब प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ऑगस्टमध्ये अंत्यविधीची मर्यादा वाढून ५० वर आलेली होती, आणि त्या जेवणाचे दालनही मध्ये सरकता पडदा घालून दोन भागांत वाटलेले होते, दोन्हीकडे पन्नासहून कमी माणसे बसतील असे. सोसायटीचे दोन पदाधिकारी आणि दोन हॉटेलचालक यांच्यावर खटला चालला, आणि ३ फेब्रुवारी २०२२ रोजी गॉलवेच्या जिल्हा न्यायालयाने चौघांनाही निर्दोष ठरवले. वुल्फ यांनी राजीनामा द्यावा असे मत खुद्द सरन्यायाधीशांनी व्यक्त करूनही ते न्यायपीठावर राहिले. म्हणजे कायद्याच्या अंगाने पाहिले तर या प्रकरणात कोणी गुन्हा केला असे ठरले नाही. तरी माझे मत बदललेले नाही. त्या सरकत्या पडद्याची सोय चर्चमध्ये कोणी सुचवली नव्हती. आजींच्या नातीला कोणी म्हणाले नव्हते की मध्ये एक पडदा लावू, तू त्या बाजूला बस.

मराठी वाचकाला या कथेत आणखी एक ओळखीचे नाव भेटते. मालवणजवळच्या वराड गावचे मूळ सांगणारे लिओ वराडकर मार्च २०२० मध्ये पंतप्रधान होते आणि घरात राहा हे त्यांनीच देशाला सांगितले; जूनअखेरीस सत्तावाटपानुसार ते उपपंतप्रधान झाले. क्लिफडेनच्या जेवणाला ते नव्हते. पण जुलै २०२१ मध्ये डब्लिनच्या मेरियन हॉटेलच्या अंगणात माजी मंत्री कॅथरिन झापोन यांनी दिलेल्या सुमारे ५० जणांच्या समारंभाला ते हजर होते आणि तोच राग पुन्हा उसळला. तो कार्यक्रम नियमांत बसतो असे महाधिवक्त्यांनी सांगितले. त्यानंतर हॉटेल व्यवसायासाठीच्या मार्गदर्शक सूचना त्याला जुळवून घेण्यात आल्या, म्हणजे आधी पंगत झाली आणि मग पंगतीचा नियम. माझ्या कोकणातल्या मैत्रिणीला वराडकरांबद्दल भारी अभिमान आहे, म्हणून हा परिच्छेद मी तिला दाखवलेला नाही.

सेवेकडे परत येते. तिची वेगवान अचूकता साथीच्या काळात सरकारलाही उपयोगी पडली. आयर्लंडमध्ये मृत्यूची अधिकृत नोंद करण्यास तेव्हा तीन महिन्यांची मुदत होती, पण आरआयपी डॉट आयईवर सूचना एक-दोन दिवसांत येते. म्हणून केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने आणि आरोग्य गुणवत्ता प्राधिकरणाने २०२० मध्ये जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवीपेक्षा किती जास्त माणसे गेली याचा, अंदाज बांधताना याच सूचनांचा आधार घेतला. (मृत्युनोंदणी ज्या समाजकल्याण खात्याकडे आहे, त्याचे मंत्री जानेवारी २०२५ पासून डारा कॅलरी आहेत. राजकारणात परतीची रांग मयताच्या रांगेपेक्षा बरीच लवकर पुढे सरकते.) शोध काउंटी, गाव आणि आडनावावरून घेता येतो, वाचण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि जुनी पाने जागेवर राहतात.

उणे बाजू पैशाची आहे. सूचना अंत्यविधी-व्यावसायिकामार्फतच द्यावी लागते. २०२४ मध्ये ‘आयरिश टाइम्स’ समूहाने हे संकेतस्थळ विकत घेतले, आणि पूर्वी मोफत असलेल्या सूचनेला २०२५ च्या जानेवारीपासून १०० युरो शुल्क लागू झाले. आयरिश अंत्यविधीच्या एकूण खर्चात ही रक्कम लहान आहे हे मान्य केले, तरी जी गोष्ट लोक पाणवठ्यासारखी वापरत आले तिच्यावर पावती फाडली जाणे मला खटकते. वाचणाऱ्याला अजून काही मोजावे लागत नाही, आणि ते तसेच राहावे.

आजींचे एप्रिल २०२० चे पान अजूनही उघडते. त्यावर तीच शिक्क्यासारखी ओळ आहे आणि खाली शोकसंदेशांची लांबलचक रांग आहे, त्यात माझाही एक, व्याकरणाची चूक असलेला. न्यायालयाचा निकाल लागला त्यानंतर दोन महिन्यांनी, दुसऱ्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेची सूचना घरच्यांनी चर्चच्या फलकावर लावली आणि सर्वांनी यावे असे लिहिले. मी चकल्या घेऊन गेले होते. फोन डॅशबोर्डला टेकवून बसलेली ती नात या वेळी पहिल्या बाकावर होती, आणि प्रार्थना संपल्यावर चहाची किटली तिच्याच हातात होती.