उपकरणे चोख, पुस्तिका मात्र मुंबईची

सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली ही प्रयोगपेटी मी बेळगावात गणपत गल्लीतील एका दुकानातून घेतली. साडेनऊशे रुपयांच्या मानाने ती भरीव आहे; परंतु सोबतच्या मराठी पुस्तिकेतील आकडे समुद्रकाठच्या शहरासाठी लिहिलेले असल्याने आपल्याकडे त्यांचा पडताळा घेताना मुले गोंधळतात, आणि नेमक्या त्या ठिकाणी पुस्तिका काहीच सांगत नाही.

लंबकाचा प्रयोग उत्तम जमतो. दोरा एक मीटर ठेवला की एका पूर्ण आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात, पाव मीटर ठेवला की एक. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो, हे नाते माझ्या पुतण्याने सूत्र वाचण्यापूर्वीच स्वतःच्या तक्त्यावरून काढले. भिंगे स्वच्छ आहेत. ताणकाटा रिकामा असतानाही शून्यावर येत नाही, पण या किमतीत तेवढे चालवून घ्यावे.

खरी गंमत उकळत्या पाण्याची. पुस्तिकेप्रमाणे तापमापक १०० अंश सेल्सिअस दाखवायला हवा, तो साडेसत्त्याण्णवच्या आसपास थांबतो. सदोष समजून तो परत करू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब कमी असतो, आणि पाण्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळू लागत असल्यामुळे ते १०० अंशांच्या अलीकडेच उकळते. दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध शिकवण्याची ही आयती संधी पुस्तिकेने वाया घालवली आहे.

सूर्यघड्याळाचेही तेच. त्याची सावली पाडणारी पट्टी मुंबईच्या १९ अंश अक्षांशाप्रमाणे कायमची बसवलेली आहे, तर बेळगावचा अक्षांश १६ अंशांच्या किंचित खाली येतो. म्हणून तबकडीची दक्षिणेकडील कड तीन अंशांनी उचलावी लागते. सूर्यघड्याळाच्या वेळेवरून प्रमाणवेळ काढण्यासाठी पुस्तिकेत दिलेली ३९ मिनिटांची दुरुस्तीही येथे लागू नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण साधारण ७४.५ अंशांवर, आणि दर अंशाला चार मिनिटे धरली तर फरक ३२ मिनिटांचा होतो.

खडकांचे नमुने मोजके पण अस्सल आहेत. बेसाल्टपुढे केवळ ‘सह्याद्री’ असे लिहून पुस्तिका पुढे सरकते. बेळगाव शहराच्या परिसरात हाच काळा दगड आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आणि घटप्रभा जेथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते तो गोकाकचा कडा त्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्माचा आहे. पेटीतील दोन तुकडे घेऊन गोकाकला जाणे हा पुस्तिकेत नसलेला, पण सर्वांत चांगला धडा ठरेल.

पेटीत स्पिरिटचा दिवा आणि काचेचा तापमापक असल्याने धाकट्या मुलांच्या हाती ती एकटी देऊ नये.