तीनदा बिल झालं, टायर जागचे हलले नाहीत

2025च्या जुलैत हिच्या माहेरी, चिपळूणला निघालो होतो. हेळवाक मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि समोर नेहमीचं धुकं. पाऊस फार नव्हता, पण रस्त्यावरून पाण्याचा पातळ ओघ चालू होता. एका वळणावर स्टिअरिंग फिरवलं तर गाडी वळेचना, सरळ कठड्याकडे निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये होतो, वेग बेताचा होता, म्हणून ब्रेकवरचा पाय उचलल्यावर कुठंतरी पकड आली. कठडा हातभर राहिला होता. पोफळी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

चिपळूणात शिरताना पहिलं जे पंक्चरचं दुकान दिसलं तिथं गाडी लावली. दुकानातले चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला सांगितलं, पुढच्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुढचे दोन्ही गोटा झालेत की हो. मागच्यांवर बघा कशी नक्षी आहे. पुढचे मागं, मागचे पुढं असे कधी फिरवले होते?"

"आत्ता मे महिन्यात. रोटेशन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं केलंय."

चाचा हसले नाहीत, उलट गंभीर झाले. "मग बिलावर फिरवले असतील."

मला थोडा रागच आला. कराडातलं चांगलं काचेचं दुकान, एसी केबिन, कॉफीचं मशीन, छापील बिल. त्यांच्यापुढं या पत्र्याच्या शेडवर कोण विश्वास ठेवणार? पण चाचांनी मला खाली बसायला लावलं. टायरच्या खाचेत अधूनमधून रबराचा एक आडवा उंचवटा असतो, 1.6 मिलिमीटरचा. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. माझ्या पुढच्या टायरची आतली कड त्या पातळीच्याही खाली गेली होती, आणि ती कड उभ्या माणसाला दिसतच नाही. मागच्या टायरांना मात्र अर्ध्याहून जास्त नक्षी शिल्लक. मग त्यांनी डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या रिमच्या, आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं दाखवली, चाक थरथरू नये म्हणून लावतात ती. त्यांच्यावर आणि भोवती वर्षानुवर्षांचा काळा थर सलग बसलेला. "दोन महिन्यांपूर्वी बॅलन्सिंग केलं तर एखादं वजन तरी नवं, चकचकीत दिसलं असतं ना?"

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन पुढं, ताकद पुढच्या चाकांना, वळायचं काम त्यांचंच आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांच्यावरच. मागची चाकं नुसती मागून येतात. म्हणून दर 8 ते 10 हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करायची: पुढची सरळ मागं, आणि मागची पुढं येताना बाजू बदलून, डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. म्हणजे चौघं सारखे झिजतात आणि एकदमच म्हातारे होतात. हे मला पाठ होतं. म्हणून तर दर खेपेला पैसे मोजत होतो.

चिपळूणातच दोन नवे टायर घेतले, 9,400 रुपये. मी म्हटलं नवे पुढं टाका. चाचा म्हणाले, नवे मागं, मागचे पुढं. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर हाताला कळतं, पाय काढता येतो, जसं मला घाटात कळलं. मागची सुटली की गाडी गिरकी घेते आणि माझ्यासारख्याच्या हातात काही राहत नाही. नवीन टायर मागेच, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. उतरवलेले दोन्ही गोटे मी डिकीत टाकायला सांगितले. चाचांनी न सांगता खडूनं त्यांच्यावर लिहून दिलं, 'पुढे डावा', 'पुढे उजवा'. त्याआधी टायर गाडीला लावलेले असतानाच मी फोटोही काढून घेतले. कशासाठी, हे तेव्हा नीट ठरवलेलं नव्हतं.

घरी आल्यावर फाइल काढली. गाडी 2021च्या पाडव्याची. टायरची बिलं तीन: डिसेंबर 2022, जानेवारी 2024, मे 2025, साधारण 10, 20 आणि 31 हजार किलोमीटरला. तिन्हींवर 'रोटेशन, 4 चाके' असं स्वच्छ छापलेलं. आता सिद्ध कसं करायचं? ते हिच्या फोनमध्ये सापडलं. 2022च्या दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हाचा फोटो, बॉनेटवर झेंडूची माळ, खाली डाव्या चाकाशी लिंबू. आणि त्या टायरच्या बाहेरच्या गालावर फुटपाथला घासून गेलेला चंद्रकोरीसारखा ओरखडा. तो ओरखडा माझाच, गाडी नवीन असताना पडलेला. डिकीतल्या 'पुढे डावा' टायरवर तोच ओरखडा होता. म्हणजे पहिल्या बिलाच्या आधी तो टायर डावीकडं पुढं होता आणि तिसऱ्या बिलानंतरही तिथंच.

टायर खांद्यावर घेऊन त्या काचेच्या दुकानात शिरलो. (हा प्रवेश मला अजून आवडतो. कॉफी पिणारे सगळे थांबले.) मॅनेजर पंचविशीतला, बोलण्यात साखर. आधी म्हणाला, "काका, तुमचे टायर वन-वे असतील, ते फिरवता येत नाहीत." मी म्हटलं, वन-वे टायरच्या गालावर दिशेचा बाण असतो, यावर दाखव. आणि तसा असला तरी त्याच बाजूला पुढचा मागे करता येतोच. नसता येत तर तीनदा पैसे कशाचे घेतले? बाण नव्हता. मग तो जे बोलला त्यानं मी दोन मिनिटं खरंच गप्प झालो. "काका, तीनदा फिरवले ना. फिरून फिरून परत जागेवर आला असेल."

वरवर पाहता बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं. मग त्याच्याच टेबलावरचे कॉफीचे चार कागदी कप घेतले, पेनानं अ, ब, क, ड लिहिलं आणि गाडीसारखे मांडले. 'अ' डावीकडं पुढं. पहिलं रोटेशन, 'अ' सरळ मागं. दुसरं, तो बाजू बदलून उजवीकडं पुढं. तिसरं, उजवीकडं मागं. मूळ जागी यायला चौथं लागतं. बाजू न बदलता नुसतं पुढं-मागं केलं असतं, तरी तीन खेपांनंतर तो मागेच सापडायला हवा. विषम आकडा आहे बाबा, तीनदा फिरवलेला टायर पुढच्या डाव्या जागी येऊच शकत नाही. बिलं दोन किंवा चार असती तर त्याचं म्हणणं निदान एखाद्या हिशेबात बसलं असतं आणि मी बहुतेक टायर उचलून घरी आलो असतो.

मॅनेजर कपांकडं बघत राहिला. मग आवाज खाली आला, "मुलांकडून राहिलं असेल." तीनदा? ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर मी फोनवर लिहून ठेवला होता, तो त्याला दाखवला, बिलं दाखवली. अर्ध्या तासानं तिन्ही बिलांमधलं रोटेशन आणि बॅलन्सिंगचं मिळून 2,140 रुपये रोख परत आले. लिहून काही द्यायला तयार झाला नाही. वेळेआधी गेलेले टायर, घाटातलं ते वळण, त्याचा हिशेब कुणी करायचा? मी पैसे घेतले आणि निघालो. तक्रार करायला हवी होती, असं आता वाटतं.

मे महिन्यात अलाइनमेंट करताना 'कॅम्बर (चाकाचा उभा कल) आउट आहे, आतली कड खातोय' म्हणून घेतलेले 1,200 रुपये मात्र बुडाले. नंतर कळलं, माझ्या गाडीत पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, सेट करता येतो, कॅम्बर बदलायची सोय कारखान्यानं ठेवलेलीच नाही. हे लोक जॅकसारखं अवजार लावून लोखंडच वाकवतात. अलाइनमेंटच्या मशीनच्या पडद्यावर लाल आकडा दिसला की आपण घाबरतो. पण चाकावरचा क्लॅम्प नीट बसवला नाही तरी आकडा लाल येतो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. मला तिन्ही वेळा एकही मिळाला नव्हता, आणि मीही मागितला नव्हता. टायरात हवेऐवजी भरलेल्या नायट्रोजनच्या 200 रुपयांबद्दल तर बोलायलाच नको, साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा असलेलं स्टिकर असतं. टायर थंड असताना, महिन्यातून एकदा तेवढी हवा ठेवली तरी टायरचं पुष्कळ भलं होतं.

आता मी केबिनमध्ये बसत नाही, गाडीजवळ उभा राहतो. मुलीनं पुण्यात गाडी घेतली तेव्हा तिच्याच नेलपॉलिशनं चारही डिस्कवर, व्हॉल्व्हच्या बाजूला, ठिपके देऊन ठेवले: डावीकडं पुढं एक, डावीकडं मागं दोन, उजवीकडं पुढं तीन, मागं चार. ती हसली होती, "बाबा, लग्नाच्या गाडीला पण कोणी एवढं सजवत नाही."

गेल्या महिन्यात तिच्या गाडीचे 10 हजार झाले. संध्याकाळी तिचा फोटो आला, पुढचं डावं चाक आणि त्यावर एकच ठिपका. शेजारी हातात धरलेलं बिल, रोटेशनचे 300 रुपये. मी लगेच फोन लावला.

"मी अजून दुकानातच आहे," ती म्हणाली. मागून पान्हा पडल्याचा आवाज आला. "गाडी परत वर घेतलीय त्यांनी. थांबा, ठिपके मोजून फोन करते."