अ‍ॅल्युमिनियम स्पॉट वेल्डसाठी अल्ट्रासॉनिक टेस्टर: पावसाळ्यापासूनचा अनुभव

चाकणला आमच्याकडे बॅटरी ट्रेचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे स्पॉट वेल्डने जोडतात. पावसाळ्यापासून त्यांच्या तपासणीला हातात धरायचा अल्ट्रासॉनिक टेस्टर वापरतोय. पूर्वी वेल्ड बघायचा म्हणजे अख्खा ट्रे फाडायचा. तो भंगार बराच कमी झाला, एवढ्यासाठी तरी मशीन घेतल्याचं समाधान आहे.

वेल्ड लागलाच नसेल किंवा नगेट (पत्रे वितळून एक झालेला गोल भाग) लहान असेल, तर मशीन चोख पकडतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये ध्वनी सेकंदाला साधारण ६३०० मीटर वेगाने जातो. १.५ मिमीचे दोन पत्रे नीट जुळले असतील तर एको, म्हणजे परतणारे ध्वनी, सुमारे ०.९५ मायक्रोसेकंदाच्या अंतराने येतात. पडद्यावर मधेच ०.४८ च्या आसपास सिग्नलचं टोक उठलं, की आवाज वरच्या पत्र्याच्या तळावरूनच परतलाय असं धरायचं.

खरी अडचण स्टिक वेल्डची, म्हणजे पत्रे वितळून एक न होता नुसते चिकटलेले. स्टीलमध्ये नगेटचे जाडे कण ध्वनी विखुरतात, एको पटकन विरतात; चिकटलेल्या वेल्डमध्ये तसं होत नाही, म्हणून तो लगेच वेगळा दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचा स्फटिक सगळ्या दिशांना जवळपास सारखाच ताठ असतो, त्यामुळे कण जाडे झाले तरी विखुरणं कमीच. चांगल्या आणि चिकट वेल्डचे एको पडद्यावर जवळजवळ सारखेच उतरतात. स्टीलच्या सेटिंगवर विसंबून इथे 'ओके' देणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून प्रत्येक शिफ्टला पील टेस्ट (पत्रे सोलून वेल्ड बघणं) आम्ही चालूच ठेवली आहे.

दुसरा घोळ पोकळ्यांचा. एका वेल्डला मधलं टोक ठळक आलं, मशीनने नापास केला. कापून, पॉलिश करून आतली रचना दिसावी म्हणून कॉस्टिक सोड्याने एच केला, तर नगेट साडेसहा मिमीचा, भरीव, फक्त मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. (१.५ मिमी पत्र्याला नगेटचा व्यास पाच गुणिले जाडीचं वर्गमूळ धरला तरी ६.१ मिमी पुरतो.) आता असं टोक दिसलं की प्रोब (मशीनचा वेल्डवर टेकवायचा भाग) किंचित सरकवून बघतो. मधून हटल्यावर टोक विरलं तर बहुधा पोकळी, कडेकडे वाढलं तर नगेट लहान.

प्रोबच्या टोकाचं रबरी पातळ मेंब्रेन मात्र नाजूक आहे. वेल्ड करताना इलेक्ट्रोडने पत्र्यावर पडलेल्या खड्ड्याच्या काठावर स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे कण) असला की फाटतं, आणि आतल्या पाण्यात बुडबुडा शिरला की सिग्नल जातो. सुटी मेंब्रेन जवळ ठेवाच. इलेक्ट्रोडची टिप खराब झाली की खड्डा ओबडधोबड होतो आणि एको मरतात. आमचे ऑपरेटर त्यावरूनच टिप ड्रेसिंगची (टिप घासून नीट करण्याची) वेळ ओळखायला लागलेत.

घ्यायचा विचार असेल तर प्रोबचा व्यास तुमच्या नगेटला जुळणारा मागा. डेमोआधी करंट कमी करून आपल्याच पत्र्याचे मुद्दाम चिकट वेल्ड बनवून ठेवा आणि ते मशीनला ओळखायला सांगा. विक्रेत्याच्या पेटीतल्या स्टीलच्या नमुन्यावर डेमो घेऊ नका.