शिवपुरीचा चार दिवसांचा कयाक कोर्स: शिकवणारा सोनं, सामान भंगार

कंपनीचं नाव लिहीत नाही, हे आधीच सांगतो. लिहिलं तर मालकाचा राग शिकवणाऱ्या पोरावर निघणार, आणि त्या पोराचं मी देणं लागतो. ऋषिकेशजवळच्या शिवपुरीला कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची बंदिस्त नाव, शिकवणाऱ्या कंपन्यांची रस्त्याकडेला रांगच आहे. खाली लिहिलंय ते डोक्यात ठेवून कुठल्याही दारात उभं राहिलात तरी चालेल.

आम्ही तिघं सांगलीचे. एक साखर कारखान्यात केमिस्ट, एक शाळेत पीटीचे सर आणि माझं दुचाकीच्या स्पेअरपार्टचं दुकान. तिघंही कृष्णेत पोहायला शिकलेले, आणि लहानपणी पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरनं उड्याही मारलेले. (मारू नयेत. आम्ही मारल्या.) त्यामुळं पाण्याचं आपल्याला काय, ही मस्ती अंगात होतीच. दसरा झाला की निघायचं आणि बॉयलर पेटायच्या आत परत यायचं, ही केमिस्टची अट. एकदा गळीत हंगाम लागला की त्याला घरच्या लग्नालासुद्धा रजा मिळत नाही. गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, काश्मिरी गेटवरनं रात्रीची बस, पहाटे ऋषिकेश, आणि तिथनं देवप्रयागच्या रस्त्यानं सोळा किलोमीटरवर शिवपुरी. पाठीवर प्रत्येकी बारा-तेरा किलोची सॅक, कारण कोर्स संपला की देवरियाताल, चोपता, तुंगनाथ असं चालत फिरायचं होतं.

माणशी साडेतेरा हजार रुपये. चार दिवस, तंबू, तीन वेळचं खाणं आणि सामान त्यांचं.

याआधी आमची पांढऱ्या, म्हणजे फेसाळत धावणाऱ्या, पाण्याशी ओळख म्हणजे कोलाडला कुंडलिकेत दोनदा केलेलं राफ्टिंग. तिथं नदी बटणावर चालते. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातनं खाली येतं. सकाळी सोडलं की लाटा, थांबवलं की दगडगोटे. शिवाय राफ्टमध्ये आठ जण असतात, गाईड मागनं ओरडतो, आपण वल्हं मारल्यासारखं करायचं, पडलंच तर कुणीतरी जॅकेटला धरून वर ओढतो. कयाकमध्ये तुम्ही एकटे, आणि कंबरेखालचं अर्धं अंग नावेच्या पोटात. होडीत बसतात तसं यात बसायचं नसतं, बूट चढवतात तशी ही नाव चढवायची. गुडघे वर दोन्ही बाजूंना टेकलेले, तळवे पुढं फुटरेस्टवर, मागं कंबरेला पट्टा. वर स्कर्ट. (या शब्दावर सर दोन दिवस हसत होते.) तो कंबरेला घालायचा आणि त्याची इलॅस्टिकची कड नावेच्या तोंडावर चहूबाजूंनी ओढून बसवायची, डब्याला झाकण बसवतात तशी. म्हणजे पाणी आत येत नाही. पुढच्या बाजूला स्कर्टला एक लूप असते. नाव उलटली आणि सरळ करता आली नाही, तर पुढं वाकायचं, ती लूप पुढं ढकलून ओढायची, झाकण निघतं, तुम्ही बाहेर. जिवाची सगळी भिस्त त्या एका लूपवर.

आता सामानाकडं वळतो, कारण माझ्या धंद्यामुळं नजर आधी तिकडंच जाते. माझ्या कयाकचा उजवा फुटरेस्ट एकाच बोल्टवर लोंबकळत होता. कंबरपट्ट्याचं रॅचेट (पट्टा आवळायचं दातेरी बक्कल) गेलेलं, त्याजागी नायलॉनची दोरी. पाणी काढायच्या भोकाचं बूच हरवलेलं, तिथं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लाकडाचा तुकडा ठोकलेला. केमिस्टच्या हेल्मेटचं बक्कल तुटकं, तर पट्ट्याला चक्क गाठ. लाइफ जॅकेटं दिसायला धड होती, पण माझं अंगात घालून पाण्यात पाय उचलले तर पाणी नाकापर्यंत आलं. असलं जॅकेट दुकानात खुंटीला टांगायला ठीक. मी सॅकमधल्या पाकिटातनं नट-वॉशर काढून फुटरेस्ट स्वतः घट्ट केला. दुकानदाराच्या सॅकमध्ये ट्रेकला जातानाही नट-बोल्ट का असतात, याचं उत्तर घरच्यांना त्या दिवशी मिळालं असतं.

मालकाला दाखवलं. "अरे सर, सालों से चल रहा है." गिऱ्हाइकाला हे वाक्य मीही कधीतरी ऐकवलंय, म्हणून जास्तच लागलं.

पहिल्या दिवशी दुपारी, किनाऱ्यालगतच्या संथ पाण्यात, नाव मुद्दाम उलटवून बाहेर यायचा सराव. शिकवणारा कंबरभर पाण्यात शेजारी उभा. टिहरीकडचा, पंचविशीचा, अंगानं बारीक, आवाज अजिबात न चढवणारा पोरगा. पहिला नंबर सरांचा. नाव उलटली. एक, दोन, तीन. नावेच्या तळावर पाणी निथळतंय, खाली सर. चार. पोरगा पुढं सरकला, आणि तेवढ्यात सर भसकन वर आले, डोळे पांढरे, नाकातनं पाणी. "लूपच सापडली नाही!" स्कर्ट बसवताना लूप आत दाबली गेली होती. मग सुटले कसे? घाबरून गुडघे झाडले, आणि स्कर्टचं इलॅस्टिक एवढं सैल होतं की झाकण आपोआप निघालं. म्हणजे ज्या भंगार सामानानं गोत्यात आणलं, त्याच्याच भंगारपणानं सोडवलं. चांगला घट्ट स्कर्ट असता तर? हा प्रश्न तिघांनीही एकमेकांना विचारला नाही.

पोरगा मात्र पांढराफटक पडला होता. बसवलेला स्कर्ट तपासायचं काम त्याचं, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. त्या संध्याकाळी तो मालकाशी काय बोलला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन निओप्रीनचे (जाड रबरी कापडाचे) स्कर्ट आले, घट्ट, लुपेला लाल फीत बांधलेले. तिथनं पुढं नावेत बसलं की तो आमच्यापुढं यायचा, काही बोलायचा नाही, नुसतं बोट दाखवायचा. आपण लूप हातात धरून दाखवायची, मगच सुटका.

शिकवायची त्याची रीत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला नावेत बसूच दिलं नाही, तासभर एका खडकावर बसवलं. वाळक्या गवताची मूठ घेतली आणि खडकाच्या कडेला पाण्यात सोडली. अर्धं गवत सुसाट खाली गेलं. अर्धं खडकामागं वळलं आणि प्रवाहाच्या उलट, सावकाश, आमच्या पायाशी परत आलं. "अब लाइन दिखी?" दिसली. आयर्विन पुलाच्या दगडी खांबामागं पाणी असंच उलटं फिरतं, तिथं आम्ही पोरं दम खायला थांबायचो. त्यालाच हे लोक एडी म्हणतात, आणि दोन पाण्यांच्या मधली शिवण म्हणजे एडी लाइन. ती ओलांडून प्रवाहात शिरताना नाव खालच्या अंगाला कलती करायची, म्हणजे प्रवाह जिकडं चाललाय तिकडं. वरच्या अंगाला कललात की पाणी नावेच्या कडेवर चढतं आणि पापणी लवायच्या आत तुम्ही उलटे. मन मात्र नेमकं उलटं सांगतं, येणाऱ्या पाण्याकडं झुक म्हणतं. त्या एका दिवसात मी सात वेळा उलटलो. केमिस्ट तीन. सर एकदाही नाही, कारण पहिल्या दिवसानंतर ते पोरगा जे सांगेल ते मुकाट करत होते.

रोलचं खरं सांगतो. उलटलेली नाव वल्ह्यानं आणि कंबरेच्या झटक्यानं परत सरळ करायची, तो रोल. आधी शेजारच्या नावेचं नाक धरून नुसता कंबरेचा झटका घोटवून घेतात. डोकं सगळ्यात शेवटी वर यायला हवं, आणि बुडणाऱ्या माणसाचं डोकं सगळ्यात आधी वर येतं. सगळं भांडण तिथंच. केमिस्टला चौथ्या दिवशी संथ पाण्यात दोनदा जमला. मला आणि सरांना शून्य. "चार दिवसांत रोल शिका" असं कुणी सांगत असेल तर ते संथ पाण्याबद्दल आहे, एवढं लक्षात ठेवून पैसे द्या.

शेवटच्या दिवशी ब्रह्मपुरीच्या खालचा टप्पा. वरचे गोल्फ कोर्स, रोलर कोस्टर वगैरे (ही इथल्या लाटांच्या टप्प्यांची नावं) आमच्यासारख्यांसाठी नव्हेत, तिथं तो पोरगा एकटा राफ्टच्या पुढं जातो. आम्हाला डबल ट्रबल, हिल्टन, टर्मिनेटर. डबल ट्रबलच्या पहिल्या लाटा पार केल्या आणि मी खूश होऊन मागं वळून सरांकडं बघितलं. पुढच्या लाटेनं तेवढीच संधी घेतली.

पाण्याखाली गेल्यावर आधी आवाज बदलतो. वरचा धबडगा एकदम बंद, आणि प्लॅस्टिकच्या तळावर वाळू घासल्याची बारीक सळसळ सुरू, तव्यावर मोहरी हलवल्यासारखी. पावसाळा नुकताच सरलेला, गंगेच्या पोटात अजून गाळ होता. डोळे उघडले तर हिरवट राखाडी उजेड. शिकवल्याप्रमाणं दोन्ही हात बाहेर काढून तळावर तीन थापा मारल्या, हात पुढं-मागं फिरवले, कुणाच्या तरी नावेचं नाक हाताला लागेल म्हणून. नाही लागलं. मग लाल फितीची लूप हाताशी आली. पुढं वाकलो, ओढली, सुटलो. पाय वर, प्रवाहाच्या दिशेला, पाठीवर तरंगत निघालो. पोहायला येणारा माणूस अशा वेळी उभं राहायला बघतो. दगडात पाय अडकला की पाणी पाठीवर चढून बसतं. पुलावरच्या उड्यांचा इथं काडीचा उपयोग नाही. पोरानं येऊन नावेच्या शेपटाला धरायला लावलं आणि काठाला नेऊन सोडलं. चांगली तांब्याभर गंगा पोटात गेली होती. सर म्हणाले, "पुण्य काय, फुकटात मिळालं."

राहण्याखाण्याची तक्रार नाही. २०१५ मध्ये हरित लवादानं गंगेच्या वाळूवरचे कॅम्प बंद केले, त्यामुळं तंबू आत हेंवल नदीच्या बाजूला होते. चांगलंच झालं, किनारा स्वच्छ राहिलाय. राजमा-भात रोज. तिसऱ्या दिवशी आमच्या केमिस्टनं स्वयंपाकघरात शिरून पिठलं केलं, तेव्हा आचाऱ्यानं वही काढून कृती लिहून घेतली.

सॅकवाल्यांसाठी एवढंच: ओले कपडे वेगळ्या ड्राय बॅगेत भरा, नाहीतर झोपायची पिशवी भिजते. आमच्या एकाची भिजली. आणि कोर्सनंतर एक दिवस मोकळा ठेवा. आम्ही दुसऱ्याच दिवशी सारी गावातनं देवरियातालची चढण धरली. पायांना काही नव्हतं, पण हातांत सॅकचं बक्कल दाबायची ताकद उरली नव्हती. एकमेकांची बक्कलं लावत चढलो.

शिकवणाऱ्याला पाचपैकी पाच, जेवणाला चार, सामानाला दीड, तेही स्कर्ट बदलून दिले म्हणून. पैसे द्यायच्या आधी त्यांना नाव बाहेर काढायला सांगा. फुटरेस्ट पायानं दाबून बघा, स्कर्टचं इलॅस्टिक ओढून बघा, जॅकेट घालून छातीभर पाण्यात पाय उचलून बघा. आणि किती जणांमागं एक शिकवणारा, हे विचारा. आम्ही तिघं होतो म्हणून निभावलं. शेजारच्या कंपनीत सात जणांमागं एक होता.

जाता जाता एक काम. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर उन्हाळ्यात सराव करायचा बेत आहे. पुण्या-मुंबईकडं कुणाकडं जुना प्लॅस्टिकचा नदीचा कयाक विकायचा असेल तर सांगा, तळाला चीर नसावी. बूच, रॅचेट, फुटरेस्ट नसले तरी चालतील, ते माझ्या दुकानात जमवतो. स्कर्ट मात्र आम्ही नवा घेणार आहोत, सर त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवून बसलेत.