पाईपची दांडी आणि माझे ५,५३० रुपये

लाज वाटते, तरी लिहितो.

आजोबा बोटीवर होते. त्यांनी आणलेला, हाताने घडवलेला, ब्रायर लाकडाचा, तंबाखू ओढायचा पाईप जुलैत माझ्याच हातून मोडला. पावसाळी हवेने लाकूड फुगलेलं, पाईप गरम, आणि मी तोंडाकडची नळी पिळून ओढली. शँक, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीची दांडी, काडकन तुटली. पाईप गार झाल्याशिवाय नळीला हात लावू नका.

फोंड्यात हे काम करणारा कुणी सापडेना. फोनवर जाहिरात दिसली, माणूस मडगावचा. "काका, सांधा दिसणारसुद्धा नाही." तपासणीचे ३५०, आगाऊ १,५००, आतून स्टीलची नळी बसवायला ९००, वरून चांदीचं कडं २,६००, कुरियर १८०. एकदम ५,५३० मागितले असते तर मीही थबकलो असतो.

थबकलो तसा होतोच. पहिले ३५० पाठवताना ॲपवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे "बायकोचं खातं, काका." अंगठा क्षणभर अडला, मग दाबला. तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी! लोकांना सह्या जुळत नाहीत म्हणून परत पाठवायचो. शिवाय दांडी सरळ तुटली की चिरफळली, नळीचा खुंटा, म्हणजे दांडीत बसणारं टोक, आत अडकलाय का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. जाणकार आधी तेच विचारतो. पण आजोबांची वस्तू म्हटल्यावर माणूस हळवा होतो, दुसरं काय.

पाईप चकचकीत होऊन आला. तिसऱ्यांदा पेटवला आणि वाटी मांडीवर पडली. आत स्टीलची नळी नव्हतीच, नुसता झटपट चिकटणारा गोंद. कडं शेट सोनाराकडे नेलं. त्याने कसाला लावलं आणि हसला. जर्मन सिल्व्हर! तांबं, निकेल, जस्त. चांदी औषधालासुद्धा नाही. ९२५ चा, म्हणजे ९२.५ टक्के चांदीचा, शिक्का बघितल्याशिवाय चांदीचे पैसे मोजू नका.

पोलिसांकडे गेलो. "वस्तू परत मिळाली ना? मग चोरी कसली? ग्राहक मंचात जा." वर तंबाखू आरोग्याला कशी वाईट यावर प्रवचन. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तर "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत." १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी बिल मागितलं. बिल देणारा माणूस फसवेल कशाला? पुन्हा चौकीवर गेलो, तर साहेब जेवायला गेलेले. दीड तास बाकावर बसलो. साहेब आले, अर्ज उलटा धरून वाचला आणि विचारलं, "पाईप म्हणजे नळाचा?"

बिल घ्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. मी रागाच्या भरात सगळं पुसलं.

त्या मडगावच्या माणसाने मला ब्लॉक केलंय. परवा भाच्याच्या फोनवर त्याचं पान पाहिलं. सगळ्यात वर माझाच पाईप, कड्यासकट. खाली लिहिलंय, "समाधानी ग्राहक, फोंडा."