गोगलगायी आवरायला लोच आणावेत की ॲसॅसिन स्नेल?

रात्री टँकचा दिवा लावल्यावर काचेवर दहा-बारा गोगलगायी दिसल्या, तर मी काही करत नाही. माशांचं उरलेलं खाणं आणि सडकी पानं त्या खातात, तेवढी मदतच होते. पण काच पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच, पानांमागे अंड्यांचे जेलीसारखे ठिपके आणि फिल्टरच्या तोंडाशी शंखांचा खच, असं होऊ लागलं की काहीतरी ठरवावं लागतं. माझ्या दोन फुटी टँकवर ही वेळ दोनदा आली. पहिल्यांदा मी झेब्रा लोच हे गोगलगायी खाणारे मासे आणले, दुसऱ्यांदा ॲसॅसिन स्नेल, म्हणजे दुसऱ्या गोगलगायी खाणारी गोगलगाय. त्यामुळे दोन्हींबद्दल स्वतःच्या अनुभवावरून बोलू शकतो.

औषधाचं आधीच सांगतो. तांबं असलेली औषधं गोगलगायी मारतात, पण श्रिंपही (टँकमध्ये पाळतात त्या छोट्या कोळंब्या) मारतात. शिवाय शेकडो गोगलगायी एकदम मेल्या की खडीत सडतात आणि पाण्यात माशांना घातक अमोनिया चढतो. ट्रम्पेट स्नेल ही वाळूत राहणारी जात तर शंखाचं झाकण घट्ट लावून आत बसून राहते. मासे आत असताना हा धोका पत्करायची माझी तयारी नव्हती. पी पफर हा छोटा मासा गोगलगायी आवडीने खातो, पण सोबतच्या माशांचे पंखही कुरतडतो, म्हणून तोही बाद.

लोचचा वेग खरोखर थक्क करणारा आहे. पाच लोच सोडले आणि तीन आठवड्यांत काच स्वच्छ झाली. वाळूत तोंड खुपसून ते शंखातली गोगलगाय ओढून काढतात आणि खाताना टक् टक् असा आवाज करतात. शांत खोलीत तो बाहेरपर्यंत ऐकू यायचा. पट्टेदार, खेळकर मासा. त्याच्याकडे बघत तास निघून जायचा. मोठा टँक असेल, श्रिंप ठेवायचे नसतील आणि पाच-सहांचा कळप कायमचा सांभाळायची तयारी असेल, तर मी तुम्हाला लोचपासून परावृत्त करणार नाही. फक्त एक लक्षात घ्या. झेब्रा लोच हा आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा मासा आहे आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. निव्वळ गोगलगायींसाठी तो आणणं मला आता पटत नाही.

पण तेव्हा माझा निर्णय फिरला तो यामुळे नाही, तर लोच परत बाहेर काढताना झालेल्या त्रासामुळे. मला श्रिंप ठेवायचे होते आणि लोच श्रिंपना सोडत नाहीत. चार फुटी टँक असलेल्या एका मित्राने ते घ्यायचं कबूल केलं. मग एका रविवारी जाळी घेऊन बसलो. जाळी पाण्यात गेली की पाचही जण लाकडाच्या खाली. लाकूड उचलायचं म्हणजे त्यावर वर्षभरात रुजलेली ॲन्युबियस उचलायची. लाकूड काढलं तर ते क्रिप्टोकोरायनच्या मुळांत घुसले, म्हणून तीही रोपं उपटावी लागली. संध्याकाळपर्यंत चार हाती लागले. त्यांतल्या एकाचा डोळ्याखालचा काटा जाळीत अडकला. या जातीचे मासे घाबरले की तो काटा बाहेर काढतात. ओढलं तर माशाला इजा होईल, म्हणून मासा पाण्यातच धरून कात्रीने जाळी कापली. पाचवा दोन दिवसांनी पहाटे सापडला. क्रिप्टोकोरायनची पानं पुढच्या आठवड्यात विरघळून गेली. ती रोपं सावरायला फार दिवस लागले, आणि तो रविवार मी अजून विसरलेलो नाही.

पुढे नव्या रोपांबरोबर पुन्हा अंडी आली. या वेळी पाच ॲसॅसिन स्नेल आणले. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची, जेमतेम इंचभर वाढणारी ही गोगलगाय वाळूत दबा धरते आणि सोंड वर काढून दुसऱ्या गोगलगायींचा माग काढते. पहिल्या महिन्यात मला काहीच फरक दिसला नाही. पैसे वाया गेले असंच वाटलं. दुसऱ्या महिन्यात वाळूवर रिकामे शंख दिसू लागले आणि चौथ्या महिन्यात काचेवर शोधावं लागत होतं. अंड्यांना त्या सहसा हात लावत नाहीत, त्यामुळे पिल्लं निघतात आणि मग खाल्ली जातात. उशीर होतो तो बहुधा त्यामुळेच. वाळूत शिरत असल्याने ट्रम्पेट स्नेलही त्यांच्या तावडीत सापडतात. माझे चेरी श्रिंप त्यांच्यासोबत सुखाने राहिले. मात्र टँकमध्ये हौसेने ठेवलेली मिस्ट्री किंवा नेराइट स्नेल असेल, तर हा पर्याय नको. आवडती-नावडती हा भेद त्यांना नाही.

त्यांची वाढ होते का, असं बरेच जण विचारतात. होते, पण हळू. ब्लॅडर स्नेल ही टँकमध्ये नको असताना वाढणारी गोगलगाय उभयलिंगी असल्याने एकटीही अंडी घालू शकते. ॲसॅसिनमध्ये नर-मादी वेगळे असतात आणि एका पारदर्शक चौकोनी कोशात एकच अंडं असतं. जास्त झाल्या तर दोन बोटांनी उचलायच्या आणि गरजूला द्यायच्या. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं.

आणलंत काहीही, तरी खाणं तेवढंच टाका, जे मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील. नाहीतर गोगलगायींची पैदास खाणाऱ्यांच्या पुढेच राहते. ॲसॅसिन कामाला लागेपर्यंत रात्री काकडीची चकती तळाशी ठेवा आणि सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायींसकट उचला. ॲसॅसिन मांसाहारी आहेत, त्या काकडीकडे फिरकत नाहीत. काढलेल्या गोगलगायी नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका. नवीन रोपं मी आता तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून, स्वच्छ धुऊन मगच लावतो. सध्या टँकमध्ये तीन ॲसॅसिन आहेत, आणि दोन माझ्या त्याच मित्राकडे गेल्या आहेत, श्रिंपच्या छोट्या टँकसाठी.